कादंबरीत बोलायचे कोणी?

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येक माणसाने आयुष्यात एकदा तरी छत्री होऊन पाहिलेले असते. कोणी छत्री झाला नसेल तर फाटके पुस्तक झाला असेल, गावची नदी झाला असेल, नाहीतर गंजलेली सायकल तरी झाला असेल. वहीत वर मथळा, 'फाटक्या छत्रीचे मनोगत', आणि खाली ठरलेली सुरुवात : कोपऱ्यातून कोणीतरी कण्हल्याचा आवाज आला, दचकून वळून पाहतो तो काय! दिवाळीच्या सुटीत निबंधाच्या वह्यांचा गठ्ठा घरी आणून तपासणे हा आम्हा मास्तरांचा फराळाबरोबरचा उद्योग. गेल्या वर्षी अशाच एका गठ्ठ्यातल्या चाळीस छत्र्या मी तपासत होतो. एकोणचाळीस छत्र्यांनी आपला जन्म कारखान्यात झाल्याचे सांगितले, मालकाच्या कृतघ्नपणाबद्दल अश्रू ढाळले आणि शेवटी परोपकाराचा उपदेश केला. चाळिसावी छत्री एका अबोल मुलीची होती. तिने लिहिले होते की, मी मालकिणीबरोबर सहा पावसाळे हिंडले, पण तिचा चेहरा कसा आहे हे मला माहीत नाही. उघडते तेव्हा मी तिच्या डोक्यावर असते आणि मिटते तेव्हा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी असते. मला तिचा तळहात तेवढा ठाऊक आहे. यंदा तो खरखरीत झाला आहे.

मी तांबडी पेन्सिल खाली ठेवली. कादंबरीच्या निवेदनासंबंधी जे मी वीस वर्षे पुस्तकांतून धुंडाळीत होतो, ते या मुलीने पाच ओळींत लिहून टाकले होते. बोलणाऱ्याला काय दिसते यापेक्षा काय दिसत नाही हे आधी ठरवावे लागते. छत्रीला मालकिणीचा चेहरा दिसत नाही, म्हणूनच त्या खरखरीत तळहातात एवढी गोष्ट मावली. चेहरा दिसला असता तर ती रडकी छत्री क्रमांक चाळीस झाली असती.

माझी ओळख थोडक्यात करून देतो. मी मॅट्रिक, आजच्या भाषेत दहावी पास. बदली मास्तर म्हणून शाळेत शिरलो तो टिकलो. आता चाळिशी उलटून काही वर्षे झाली. टीकाशास्त्राची पोथी मी शिकलेलो नाही. जे काही शिकलो ते नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात. १८४० साली सुरू झालेले हे वाचनालय माझ्यासारख्या अनेकांचे कॉलेज झाले आहे. तिथल्या पुस्तकांच्या जिवावर मी चार कादंबऱ्या लिहिल्या. तीन सरळ लिहून झाल्या. चौथीने रडकुंडीला आणले. तिची हकीकत पुढे येईलच. तेव्हा हे टिपण पंडिताचे नव्हे, कारागिराचे आहे असे समजून वाचकांनी गोड करून घ्यावे.

प्रश्न दिसायला साधा आहे. कादंबरीत दहा माणसे आहेत. त्यांतल्या कोणाच्या मनात लेखकाने शिरायचे आणि कोणाच्या दाराशी थांबायचे? नवा लेखक म्हणतो, 'यात विचार कसला? सगळ्यांच्याच मनात शिरू. जितकी मने जास्त, तितके सत्य जास्त.' मीही असेच म्हणत होतो. आणि मोठ्या लेखकांची उदाहरणेही हाताशी असतात. टॉलस्टॉयने 'अॅना कॅरेनिना'त तर शिकारीच्या प्रसंगी लेव्हिनच्या लास्का नावाच्या कुत्रीच्या मनातही आपल्याला नेले आहे! पण टॉलस्टॉयला परवडले ते सर्वांना परवडेलच असे नाही. सावकाराने दिलेली पंगत पाहून गरिबाने आमंत्रणे काढू नयेत.

आमच्या गावचेच उदाहरण घ्या. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. रामकुंडाजवळ, नदीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पुराचे सरकारी माप काहीही असो, आमचे माप तो मारुती. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, अशा बातम्या पावसाळ्यात घरोघर पोचतात. २००८ चा सप्टेंबर घ्या की २०१६ चा ऑगस्ट घ्या, शहरभर प्रश्न एकच : मारुती किती बुडाला?

आता या पुराची गोष्ट सांगायची आहे असे समजा. सराफ बाजारातला दुकानदार सांगेल, तर ती मालाची गोष्ट होईल. मुलाबाळांना घेऊन पुलावर पाणी बघायला आलेला गृहस्थ सांगेल, तर ती मौजेची गोष्ट होईल. गंगापूर धरणातून किती पाणी सोडायचे हे ठरवणारा अधिकारी सांगेल, तर ती जबाबदारीची गोष्ट होईल. आणि काठाच्या खोलीत राहणारी, पोराला उराशी धरून पिठाचा डबा माळ्यावर चढवणारी बाई सांगेल, तर ती एका रात्रीची गोष्ट होईल. पाणी एकच, पण बोलणारा बदलला की पूर बदलतो. मारुतीला बिचाऱ्याला दोन तोंडे. त्याला दोन्ही बाजू दिसतात. पण म्हणूनच की काय, तो कोणाचीच बाजू घेत नाही आणि गोष्टही सांगत नाही. गोष्ट सांगायला एकच तोंड लागते, आणि पाठीमागे काय चालले आहे ते दिसत नाही ही अडचण लागते.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांना चांगली ठाऊक होती. महाभारतातले युद्ध संजय सांगतो, हे शाळकरी मुलालाही माहीत असते. परंतु तो ते कोणाला सांगतो, याकडे आपण फारसे लक्ष देत नाही. तो आधी भीष्म पडल्याची बातमी आणतो आणि मग झालेल्या युद्धाची हकीकत सांगतो. आणि ऐकणारा आहे धृतराष्ट्र. तो आंधळा आहे, बाप आहे आणि हरणाऱ्या पक्षाचा आहे. प्रत्येक वीर पडला की त्या अंधाऱ्या महालात एक म्हातारा हाय खातो. हेच युद्ध संजयाने द्रौपदीला ऐकवले असते तर तपशील तेच राहून त्याचा पोवाडा झाला असता. सांगणारा निवडला म्हणजे काम संपले असे नाही. ऐकणाराही निवडावा लागतो.

मराठी कादंबरीत ही निवड जाणीवपूर्वक करणारे पहिले मोठे लेखक म्हणजे हरिभाऊ आपटे. १८९० साली त्यांनी 'करमणूक' पत्र काढले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी हप्त्याहप्त्याने लिहिली. त्या काळी बायकांच्या हालांविषयी व्याख्याने पुष्कळ होत होती. हरिभाऊंना एखादा सुधारक नायक उभा करून त्याच्या तोंडून हे सगळे सांगता आले असते. त्यांनी तसे केले नाही. त्यांनी यमूला बोलते केले. यमू लहानपणापासूनचे सांगत जाते. घरातले रुसवेफुगवे, लग्न, सासर, पुढे आलेले वैधव्य. तिला 'अन्याय' सिद्ध करायचा नाही. तिला काल काय झाले ते सांगायचे आहे. व्याख्यान ऐकताना माणूस आपल्या मताला घट्ट धरून बसतो. यमूचे बोलणे ऐकताना त्याला आपली बहीण आठवते. पुण्यातल्या एका पुरुषाने मुलीचा आवाज घेतला आणि तो शेवटपर्यंत सांभाळला, ही गोष्ट आज सव्वाशे वर्षांनंतरही सोपी वाटत नाही.

एकाऐवजी अनेकांना बोलते करण्याची वाट नंतर रुळली. रवींद्रनाथ ठाकुरांच्या 'घरे बाइरे' या १९१६ सालच्या कादंबरीत बिमला, तिचा नवरा निखिलेश आणि त्या घरात येऊन राहिलेला संदीप हे तिघे आळीपाळीने बोलतात. त्यात संदीपला स्वतःचे तोंड दिले आहे, ही त्या पुस्तकाची खरी करामत. दुसऱ्या कोणी त्याला लबाड म्हटले असते तर आपण वाद घातला असता. तो स्वतःच आपले तत्त्वज्ञान अभिमानाने सांगतो, आणि आपण काय ते ओळखतो.

भाऊसाहेब खांडेकरांची १९५९ सालची 'ययाति' वाचताना मला नेहमी ही कादंबरी आठवते. तिथेही तिघेच बोलतात : ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा. या कादंबरीला पुढे ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, घरोघरी तिची पारायणे झाली. पण तिघेच का बोलतात, हा प्रश्न मी तरी चाळिशीपर्यंत स्वतःला विचारला नव्हता. कच का बोलत नाही? पुरू का बोलत नाही? आपले तारुण्य बापाला देऊ करणारा मुलगा. त्याच्या मनात काय चालले असेल, याहून मोठे नाट्य कोणते? मला सुचलेले उत्तर असे : ही कादंबरी त्यागाची नाही, वासनेची आहे. ज्यांना काही हवे आहे आणि जे हवे ते मिळत नाही, अशा तिघांनाच खांडेकरांनी बोलू दिले. कच आणि पुरू ज्या उंचीवर उभे आहेत, तिथून कुरकुर ऐकू येऊन चालणार नव्हती. कचाला स्वतःचे प्रकरण मिळाले असते तर त्याला एखादी रात्र जागून काढावी लागली असती, देवयानीची आठवण येऊ द्यावी लागली असती, आणि मग ययातीला आदर्श कोठून मिळता? आदर्श माणूस बाहेरूनच पाहावा लागतो. आत शिरलो की तो आपल्यासारखाच निघतो. खांडेकरांची निवड म्हणून मला अचूक वाटते. फक्त एक हुरहूर राहते. त्या राजवाड्यात सोनेरी केसांची अलका नावाची एक दासी आहे. तिचा करुण अंत होतो, राजपुत्राला त्याचे दुःख होते आणि कथा पुढे जाते. तिला काय वाटले, हे त्या तिघांपैकी कोणालाच सांगता येत नाही. ही हुरहूर वाचकांनी लक्षात ठेवावी. मला पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) तीनाचे सहा झाले. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि शेवटी श्रीकृष्ण. नायकाला स्वतःचा मृत्यू सांगता येत नाही, ही आत्मनिवेदनाची जुनी अडचण. सावंतांनी शेवट श्रीकृष्णाच्या तोंडी घालून ती अडचण अशी काही सोडवली की अडचणीचेच सामर्थ्य झाले. ज्याच्या सांगण्यावरून बाण सुटला, त्याच्याच तोंडून कर्णाची कहाणी पूर्ण होते. मी ही कादंबरी मॅट्रिकच्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वाचली आणि माझे गणिताचे गुण त्याची साक्ष देतात.

पण मास्तरकीने माणसाला एक वाईट सवय लागते. आवडत्या मुलाच्याही पेपरात चुका दिसतात. सहा निवेदक आहेत, हे खरे. पण ते सहाही जण कोण आहेत? आई, बायको, भाऊ, मित्र, स्वतः नायक. आणि सहावा प्रतिपक्षाचा असूनही नायकाचे मोठेपण जाणणारा. तोंडे सहा, पण मत एकच. भर सभेत कर्णाच्या शब्दांनी जी जळली, त्या द्रौपदीला प्रकरण नाही. आयुष्यभर ज्याच्याशी तुलना झाली, त्या अर्जुनाला प्रकरण नाही. त्या दोघांना दहा-दहा पाने मिळती तर कर्ण लहान झाला असता असे मला वाटत नाही. त्याचे मोठेपण झगडून मिळवलेले ठरले असते. दुसरे असे की, सारथ्याच्या घरात वाढलेला शोण आणि द्वारकेचा श्रीकृष्ण एकाच भरजरी भाषेत बोलतात. बोलणारा बदलला हे आपल्याला प्रकरणाच्या मथळ्यावरून कळते; मथळा झाकला तर पुष्कळदा कळणार नाही. हे म्हणताना मला संकोच वाटतो, कारण त्या पुस्तकाचे माझ्यावर ऋण आहे. परंतु पुढे मी स्वतः जी चूक केली, तिचे मूळ या प्रेमातच होते.

जपानच्या अकुतागावा या कथाकाराची १९२२ सालची एक गोष्ट आहे. कुरोसावाने १९५० साली 'राशोमोन' या चित्रपटात ती घेतली. एका माणसाचा मृत्यू आणि त्याच्या तीन-चार हकीकती; एक हकीकत दुसरीशी जुळत नाही. अनेकांना बोलायला लावण्याचे खरे कारण तिथे दिसते. दुसरा बोलू लागला की पहिल्याची जमीन सरकली पाहिजे. नुसताच दुजोरा द्यायचा असेल तर एक साक्षीदार पुरे.

याच्या अगदी उलट टोकाला व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५). तिथे एकटा तरुण मास्तर बोलतो. औंध संस्थानातल्या धनगरांच्या एका वस्तीवर तो शाळा चालवायला जातो. मास्तर असल्यामुळे या कादंबरीवर माझा जरा जास्तच हक्क आहे! या मास्तरला धनगरांच्या मनातले कळत नाही आणि तो कळल्याचा आवही आणत नाही. कारभारी गप्प बसला की मास्तरही गोंधळतो आणि त्याच्याबरोबर आपणही. आनंदा रामोश्याच्या डोक्यात काय आहे, ते त्याच्या हातांवरून आणि चालण्यावरून ताडायचे. माडगूळकर त्या माणसांना बाहेरून पाहतात. पण इतक्या जवळून आणि इतक्या आदराने पाहतात की आत शिरण्याची गरज राहत नाही. ज्याचे मन आपल्याला ठाऊक नाही त्याच्या दाराशी थांबणे, यातही एक सभ्यता आहे.

आणि तिसरी वाट उद्धव शेळक्यांची. १९६० सालच्या 'धग'मधली कौतिक 'मी' म्हणून बोलत नाही. निवेदन तृतीयपुरुषी आहे. तरीही सारा संसार आपल्याला कौतिकच्या खांद्यावरून दिसतो. चुलीतले लाकूड, नवऱ्याचे बेभरवशाचे वागणे, पोराचे भुकेले तोंड. पात्राला 'मी' म्हणू दिले म्हणजेच त्याला दृष्टी दिली असे नाही. लेखक कोणाच्या मागे उभा राहून पाहतो, ते महत्त्वाचे.

आता माझ्या चौथ्या कादंबरीची हकीकत. विषय असा : जुन्या नाशकातला एक वाडा. पुराची रात्र. वर दिवाणखान्यात दोघे भाऊ वाटणीवरून भांडताहेत आणि खाली गल्लीत पाणी चढते आहे. मी सात निवेदक केले. थोरला भाऊ, धाकटा भाऊ, दोघांच्या बायका, अंथरुणाला खिळलेले आजोबा, कॉलेजात जाणारा नातू आणि माडीवरचा भाडेकरू. सावंतांपेक्षा एक जास्त! साडेपाचशे पाने झाली. आजोबांचे स्वगत लिहून झाले त्या दिवशी मी घरात पेढे आणले होते.

पत्नीला बाड वाचून दाखवले. तिने चार रात्री सगळे ऐकून घेतले आणि शेवटी विचारले, "अहो, पाणी चढतंय हे वाड्यात सगळ्यांत आधी कोणाला कळलं?"

"भांडीवालीला. ती काठालाच राहते ना. तीच मागल्या दाराने येऊन सांगते. नवव्या प्रकरणात आहे."

"मग ती का बोलत नाही?"

मी म्हणालो, तिचे कथानकात काम नाही. ती बरे म्हणून झोपली. मला झोप आली नाही. कारण, वाचकहो, त्या वाड्यात भांडी घासणारी बाई कोण होती हे मला चांगले ठाऊक होते. ती माझी आई.

वडील गेल्यावर आईने जुन्या नाशकात चार घरची धुणीभांडी करून मला वाढवले. ज्या वाड्यावरून ही कादंबरी सुचली, त्याचा पुढचा दरवाजा मी लहानपणी कधी ओलांडला नाही. मी मागल्या दाराशी, मोरीजवळ पाटी घेऊन बसत असे. आणि कादंबरी लिहायला बसलो तेव्हा मात्र मी ऐटीत पुढच्या दाराने शिरलो, जिना चढलो आणि दिवाणखान्यात लोडाला टेकलो. ज्यांना कधी जवळून पाहिले नव्हते अशा सात जणांच्या मनात शिरलो. आणि जिच्या पदराला धरून बसलो होतो, तिच्या हातात भांडी देऊन तिला पानावरून नुसती ने-आण केली. दुसऱ्या दिवशी मोजले. साडेपाचशे पानांत ती अकरा वेळा येते, आणि एकदाही तिला काही वाटत नाही.

यात दुष्टपणा नव्हता. सवय होती. ज्या पुस्तकांवर मी वाढलो, त्यांत भांडी घासणारी बाई बोलत नसे. म्हणून मलाही ती मुकी दिसली, स्वतःच्या आईसारखी असूनही! अलकेविषयीची हुरहूर मी मघाशी सांगितली, ती मला या रात्रीनंतर वाटू लागली. आधी वाटत नव्हती.

लाज वाटण्याचे आणखी एक कारण होते. ज्यांनी ही सवय मोडली ते आमच्याच गावचे. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा, १८६८ सालचा. त्यांची 'स्मृतिचित्रे' ही कादंबरी नव्हे, आत्मचरित्र. पण बोलायचे कोणी, या प्रश्नाचे असे उत्तर मराठीत दुसरे नाही. रेव्हरंड टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. ते का झाले, हे टिळकांचे चरित्रकार सांगतील. त्या बातमीने मागे राहिलेल्या बायकोच्या पायाखाली काय झाले, हे लक्ष्मीबाईच सांगू शकतात. आणि त्या ते हसत हसत सांगतात, हे त्यांचे मोठेपण. दुसरे बाबूराव बागूल. नाशिकजवळच्या विहितगावचे. १९६३ साली त्यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. नोकरीच्या गावी जात लपवून राहणारा त्या कथेतला नायक स्वतः 'मी' म्हणून बोलतो. अशा माणसाविषयी कळवळ्याने लिहिणारे आधीही होते. परंतु कळवळ्याने लिहिणे म्हणजे त्याच्याकडे पाहणे. बागुलांनी त्याला पाहायला लावले, आणि आजवर जे पाहणारे होते ते एकाएकी दिसू लागले.

मी कंबर कसली. आठवे निवेदन लिहायला घेतले : भांडीवालीचे. आणि इथे माझी खरी फजिती झाली. ती बोलू लागली ती माझ्या तोंडाने. 'नियती', 'व्यथा', 'उपेक्षा' असले शब्द तिच्या बोलण्यात पानापानावर येऊ लागले. माझ्या आईने जन्मात 'व्यथा' हा शब्द उच्चारलेला नाही. ती म्हणते, गुडघा दुखतो. मग मी बोली घातली, क्रियापदे मोडली; तर ती नाटकातल्या मोलकरणीसारखी वाटू लागली. सहा महिने गेले. जिच्या पोटी जन्मलो, तिच्या मनात शिरायला दार सापडेना. तिला मुकी ठेवणे अन्याय, आणि माझे शब्द तिच्या तोंडात कोंबणे हाही अन्यायच. मी बाड बांधून माळ्यावर टाकले.

आणि मग गेल्या दिवाळीत ती चाळिसावी छत्री आली.

मला एकदम उमगले की, मी आई होऊ शकत नाही. पण मोरीजवळ पाटी घेऊन बसलेला मुलगा मी आहेच. त्याला दिवाणखाना दिसत नाही. वर भावाभावांचे भांडण पेटले की त्याला शब्द कळत नाहीत. आदळलेल्या वस्तूंचे आवाज तेवढे ऐकू येतात. त्याला आजोबांचे मन माहीत नाही. त्यांच्या ताटात उरलेला भात माहीत आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्याला आईच्याही मनातले कळत नाही. त्याला तिचे हात दिसतात.

असे ठरवल्याबरोबर सात निवेदकांच्या बाडात जो प्रश्न कधी उठलाच नव्हता, तो समोर येऊन उभा राहिला. त्या पुराच्या रात्री (मी सात-आठ वर्षांचा असेन) पाणी आधी आमच्या खोलीत शिरले. ट्रंक, अंथरूण, पिठाचा डबा तसाच टाकून आईने मला उचलले, आणि उंचावरच्या देवळात जाण्याऐवजी ती आधी वाड्याच्या मागल्या दाराशी गेली. दार बडवून तिने सगळ्यांना उठवले. का? तिथे तिचे कोण होते? महिन्याचा पगार अडकला होता म्हणून? धाकट्या सूनबाई तिच्याशी मायेने बोलत म्हणून? की पाणी आल्याचे सांगणे हेही तिला कामातलेच एक काम वाटले? मुलाला माहीत नाही. आधीच्या बाडात हा प्रसंग नवव्या प्रकरणात दोन ओळींत उरकला होता, कारण वाड्यातल्या सात जणांच्या दृष्टीने त्यात नवल काहीच नव्हते. भांडीवालीने येऊन सांगायचे असतेच! मुलाच्या नजरेतून पाहिल्यावर तोच प्रसंग कादंबरीचा कणा झाला.

साडेपाचशे पानांची एकशे ऐंशी झाली. फायद्याबरोबर तोटाही सांगितला पाहिजे. आजोबांचे स्वगत गेले. त्यातली काही वाक्ये मला अजून पाठ आहेत. धाकट्या सुनेची घुसमट गेली, आणि ती माझ्या मते खरी होती. मोरीत बसणाऱ्या मुलाला ती दिसणे शक्य नव्हते. एकाला बोलू देणे म्हणजे इतरांना गप्प बसवणे. ही किंमत चुकवल्यावाचून कादंबरी होत नाही. फक्त, कोणाला गप्प बसवले हे लेखकाला माहीत असले पाहिजे. मी आईला गप्प बसवले होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता; दोष तो होता.

कोणी नवा लेखक विचारील की, मग निवड करायची कशी? मला तीन प्रश्न उपयोगी पडले. ज्याला बोलू द्यायचे त्याला काही हवे आहे का, की तो नुसता माहिती पुरवणार आहे? त्याला काय दिसत नाही, आणि त्या न दिसण्यात गोष्ट आहे का? आणि तिसरा, सर्वांत अवघड : त्याचे शब्द मला ठाऊक आहेत का? तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असे आले तर त्याला टाकून देऊ नये. त्याच्या जवळ बसणारा कोणी शोधावा. आणि वाचकांसाठी एकच प्रश्न. या दिवाळीत फराळ उरकून आपण एखादी कादंबरी हातात घ्याल, तेव्हा मध्येच थांबून पाहावे : या घरात चहा कोण आणून ठेवते आहे, आणि तिला लेखकाने काही वाटू दिले आहे का? नसेल तर लगेच लेखकाला दोष देऊ नये. ते मौन त्याने ठेवले आहे की त्याच्याकडून राहून गेले आहे, एवढे ताडून पाहावे. दोन्हींत फरक असतो आणि तो वाचताना कळतो.

नवे बाड पुरे झाल्यावर मी ते आईला वाचून दाखवले. तिने स्वतःहून कधी कादंबरी वाचलेली नाही. करंज्या करायला बसली होती. तिने लाटायच्या आणि पत्नीने भरायच्या. पुराचे प्रकरण आले तेव्हा तिचे लाटणे थांबले नाही. वाचून संपल्यावर ती म्हणाली,

"मी आधी वाड्यात का गेले, ते तू लिहिलं नाहीस."

"मला ठाऊक नाही, आई."

"मग बरं केलंस," ती म्हणाली आणि पुढची लाटी घेतली.

मी विचारले नाही. पत्नीने माझ्याकडे पाहिले, पण तीही काही बोलली नाही.